शनिवारचे इतिवृत्त

रोह्याच्या एका शाळेत वाङ्मय मंडळाच्या सभा शनिवारी भरत. आणि १९९४ साली मंडळाची चिटणीस म्हणून निवडून आलेली नववीतील एस्थर अष्टमकर ज्यू असल्यामुळे शनिवारी लेखणी हाती धरत नसे.

"न लिहिणारी चिटणीस, हा तर वदतोव्याघात झाला!" मंडळाचे अध्यक्ष दातारसर म्हणाले.

"शनवारी लिवत नाय आमच्यात, सर. सगलं ऐकेन नि रविवारी लिवीन."

"ठीक. परंतु एक जरी महत्त्वाचा शब्द गळाला, तरी चिटणीसपद तुझ्या वर्गातल्या जितेशकडे जाईल."

पहिल्या सभेनंतरच्या सोमवारी सरांनी वही उघडली. निडी गावाहून येणाऱ्या अनिताची कविता, तिची मध्येच अडलेली ओळ, जितेशने घेतलेला आक्षेप, सारे जसेच्या तसे उतरले होते. सरांच्या भाषणाविषयी मात्र एकच वाक्य होते : ‘अध्यक्षांनी समारोपाचे दोन शब्द सांगितले.’

"अगं, पाऊण तास बोललो मी! कोणते दोन शब्द?"



"‘आणि शेवटी’, सर. सात वेला बोललात."