फुटका सायलेन्सर

बाबांच्या जुन्या जीपचा सायलेन्सर वीस वर्षं फुटकाच होता. बदलूया म्हटलं की म्हणायचे, "वाजां दे रे." ते गेल्यावर जीप माझ्याकडे आली. देवबागच्या रस्त्यावर पर्यटक कानांवर हात ठेवून वळून बघायचे, त्याची मला लाज वाटायची. शेवटी आज सकाळी कुडाळला नेऊन नवा सायलेन्सर बसवून घेतला. परत येताना त्या गाडीत बसून पहिल्यांदाच समुद्र ऐकला.

दुपारी घरात शिरलो तर आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. ताटात मसाला लावलेले बांगडे, तवा थंड. मला बघून दचकलीच.

"कधी इलंस? वळणावर जीप वाजली काय मी तवो ठेवतंय. हातपाय धुवन बसापर्यंत बांगडो तयार. तुझ्या बाबांका कधी गार वाढूक नाय मी." मग स्वतःचे कान चाचपत म्हणाली, "आज काय्येक ऐकाक येवक नाय रे. कान गेले वाटता माझे."

मी गॅस पेटवला, तवा ठेवला.

"कान बरे आसत गो तुझे, आये. गाडीच बिघडली."