तू घेणार असशील तर

नर्स जिना चढून आत आली, खांद्यावरची बर्फपेटी तिने टेबलावर ठेवली आणि मान वर केली. चष्मेवाल्याने तिला लगेच ओळखलं. तीच होती. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यात याच बाईने त्याच्या दंडात फ्लूची लस टोचली होती.

ती ओळखीचं हसणार, तेवढ्यात त्याने थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, पाठीमागून मान हलवली. नको. नर्सचं हसू ओठांवरच राहिलं.

"आजी, या गल्लीतलं तुमचंच घर राहिलंय," ती म्हणाली. "समोरच्या इमारतीतले दोघं दवाखान्यात पडलेत. यंदाचा फ्लू थेट छातीत उतरतोय."

"उतरू दे की," विणकामावरची नजर न काढता आक्का म्हणाली. "तू चार जिने चढून आलीस. पाणी पी, पाय मोकळे कर आणि निघ."

चष्मेवाला एकाहत्तर वर्षांचा होता, खाली त्याचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान होतं, पण आक्कासाठी तो अजून बाळ्याच होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. आक्कानेच त्याला वाढवलं. पुढे तिचा नवरा एक इंजेक्शन घेतल्यावर दोन दिवसांत गेला. त्याचं हृदय आधीपासूनच थकलेलं होतं असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, पण तिने सुईवरच खापर फोडलं. तेव्हाच तिने भावाकडून शब्द घेतला, की आपण दोघांनी कधीही टोचून घ्यायचं नाही. तो शब्द त्याने तीस वर्षं पाळला. मग यंदा नंबर तपासायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर खोकायला लागलं आणि एका दुपारी तो दुकान बंद करून गुपचूप दवाखान्यात जाऊन आला. दंड दुखला तेव्हा शटर ओढताना लचक भरली म्हणून सांगितलं. आक्काने स्वतः मलम चोळून दिलं.

भिंतीपलीकडे शेजारच्या मास्तरांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. आक्काच्या सुया थांबल्या.

"याने ताप येतो का गं?" तिने विचारलं.

"एखादा दिवस कणकण. हात दुखतो. बास."

"आणि माझ्या वयाचं माणूस जातंबितं?"

"नाही हो आजी. मागे एका काकांना मीच दिली. सत्तरी उलटलेली. ठणठणीत आहेत." नर्सने चष्मेवाल्याकडे रोखून पाहिलं. "फक्त बोलायला लाजतात."

आक्का खुर्चीत वळली. तिच्या चेहऱ्यावर त्याने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. ती घाबरली होती.

"बाळ्या, तू काय म्हणतोस? तू घेणार असशील तर मी घेते. एकटी नाही घेणार."

बाही वर करायची आणि म्हणायचं, मी घेतली, हा बघ तुझ्यासमोर उभा आहे. बस, एवढंच. शब्द गळ्यापर्यंत आलेही. पण ती त्याच्याकडे अशी पाहत होती, जणू आजवर याने मला एक गोष्ट खोटी सांगितलेली नाही.

"कशाला?" तो म्हणाला. "आपलं ठरलंय ना."

आक्काने सुटकेचा श्वास सोडला. "बघितलंस?" ती नर्सला म्हणाली. "माझ्या शब्दाबाहेर नाही."

नर्सने पेटीचं झाकण लावलं. तो तिला पोचवायला जिन्यापर्यंत गेला.

"काका, सांगून टाका त्यांना," ती हळूच म्हणाली. "ओरडतील फार तर."

"सांगतो. सोमवारी या."

सोमवारी त्याने तिला दुकानाच्या दारातूनच परत पाठवलं. आक्काची रात्री झोप झाली नव्हती म्हणे. पुढच्या सोमवारी घरात पाहुणे होते. त्याच्या पुढच्या सोमवारी तो नुसती काच पुसत राहिला. चौथ्या सोमवारी नर्स आली नाही. त्याला हायसं वाटलं.

त्यानंतर दहा दिवसांनी आक्का सकाळी अंथरुणातून उठलीच नाही. अंग भाजत होतं. रुग्णवाहिकेत तिचा श्वास मोजता येईल इतका तुटक झाला.

संध्याकाळी डॉक्टर तिच्या खाटेशी आले. तरुण होते, थकलेले.

"एकाच घरात राहता ना दोघं? तुम्हाला काहीच त्रास नाही?"

"नाही," चष्मेवाला म्हणाला.

"लस घेतली होती?"

त्याने तोंड उघडलं. पण आक्का जागी होती. तिने दोन बोटांनी ऑक्सिजनचा मास्क उचलला.

"नाही घेतली त्याने," ती म्हणाली. "आम्ही घेत नाही."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. चष्मेवाला खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसला. तिचा हात त्याने हातात घेतला. तिने तो सोडवून घेतला.

"लांब बस, बाळ्या."

"असू दे गं, आक्का."

"असू दे काय? तुझ्याही अंगात याला अडवणारं काही नाही." तिला धाप लागली. तिने मास्क लावला, चार श्वास घेतले, पुन्हा उचलला. "मी सांगते ना. लांब हो."

त्याने खुर्ची मागे सरकवली.

"अजून," ती म्हणाली.

त्याने ती आणखी मागे ओढली, पार भिंतीला टेकेपर्यंत.