सोयऱ्यांची भजी

बालवाडीतल्या मुलांच्या आयांना धंदा उभा करून देणाऱ्या संस्थेने पारीला कासू स्टेशनबाहेर भज्यांची गाडी लावून दिली. भजी रोज संपायची, गल्ला मात्र रिकामाच. संस्थेच्या शीतलताईंनी विचारलं, तर पारी म्हणाली, "वाडीतली सगली माझी सोयरीच हायत, ताई. आपल्या मानसाला खाऊ घालून पैसं कसं मागायचं?"

धंदा बसला की पोरांची शाळा सोडवून पुन्हा वीटभट्टीवर जायचं, हे ठरलेलंच होतं. तिकडे रोह्यात धोंडुबाईची चहाची टपरीही सोयऱ्यांनी अशीच बुडवत आणली होती. शेवटी दोन्ही गावांचे महिला बचतगट एकत्र बसले आणि ठरलं की पारीने रोह्याला गाडी लावायची, धोंडुबाईने कासूला यायचं. परक्या गावात पैसे मागायला कसली आलीय लाज.

दोघींचंही झकास चालायला लागलं. शीतलताई तर इतक्या खूश झाल्या, की येताजाता रोह्याला उतरून पारीकडे गरम भजी खायच्या, पोरांची चौकशी करायच्या आणि पैसे देऊन निघायच्या.

काल मात्र त्यांनी नोट पुढे केली, तर पारीने त्यांचा हात मागे सारला.

"नाय ताई, तुमच्याकडनं नाय घेनार. तुम्ही आता घरच्याच झालात."

शीतलताईंचा चेहरा उजळला.



"पन आता सारख्या येऊ नका. नायतर मला परत गाव बदलावं लागंल."