शनिवारचं खोकं

“काकी, प्रज्वलचा लॅपटॉप कुठला हाय ते तरी ठावं हाय का?” सोनालीनं विचारलं.

“पातळ,” गोजरनं दोन बोटांची चिमूट धरून दाखवली. “पापडासारखा.”

शहापूरला सोनालीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ती मूळची किन्हवलीची, गोजरच्या शेजारच्या घरातली; गोजरचा मुलगा प्रज्वल आणि ती एकाच वर्गात शिकलेली. म्हणून तर गोजर आणखी कुठं न जाता सरळ तिच्याकडे आली होती.

पुण्याला नोकरी लागल्यापासून प्रज्वलचं घरी येणं सणापुरतं उरलं होतं. फोनवर म्हणायचा, शनिवार-रविवार मित्राच्या खोलीवर असतो, गेम खेळतो. आपला लॅपटॉप पातळ, गाड्यांच्या शर्यतीचा भारी गेम लावला की अडखळतो. मित्राचा दणकट आहे. गोजरचा नवरा चंदर दर शनिवारी मोटारसायकल पुसून लख्ख करायचा आणि कुठंच जायचा नाही. गोजरला ते बघवत नव्हतं.

“एक खोकं मिळतं,” सोनाली म्हणाली. “आत ग्राफिक कार्ड असतं. गेमची चित्रं पळवायचं काम ते करतं. लॅपटॉपची वायर त्यात लावायची, मंग पातळ लॅपटॉपपण मोठ्या मशिनीसारखा चालतो.”

“जड असतं?”

“हाय बऱ्यापैकी. वीजपण वेगळी लागते.”

“म्हंजे पुण्याला नाय नेता येणार.”

“दर वेळची ने-आण नाय जमायची.”

“मंग तेच मागव,” गोजर म्हणाली.

खोकं आलं तेव्हा चंदरनं ते दोन्ही हातांनी उचलून टीव्हीशेजारी ठेवलं. मुलाला निरोप गेला. प्रज्वल आला, खोकं बघून चकित झाला आणि बराच वेळ वायर लावत, काढत बसला. गोजर दारात उभी होती.

“लागलं का रे?”

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “लागतंय. एक वस्तू कमी हाय. सोनालीकडनं बसवून आणतो.”

खोकं घेऊन तो शहापूरला गेला. संध्याकाळी परतला, जोडणी केली, आणि खोक्यात हिरवा दिवा लागला. पंखा घुमू लागला. टीव्हीवर लाल गाडी धावायला लागली.

“भारी झालं, आई,” तो म्हणाला. “पण हे इथंच राहील हां. मला घेऊन जाता यायचं नाय.”

“राहू दे की,” गोजर म्हणाली आणि हसू लपवायला चुलीकडे गेली.

तेव्हापासून प्रज्वल दर शनिवारी येऊ लागला. माळशेज घाट उतरून येणाऱ्या एसटीनं सरळगावला उतरायचा; चंदर त्याला आणायला जायचा. खेळ व्हायचा तासभर. बाकीचा वेळ तो बापाबरोबर बांधावर, नाहीतर ओट्यावर. लावणीला चिखलात उतरला, झोडणीला खळ्यावर राहिला. एकदा त्यानं चंदरलाही खेळायला बसवलं. चंदरनं गाडी थेट कडेच्या गवतात घातली.

“बाबा, रस्ता तिकडं हाय.”

“मला हितंच बरं वाटतं,” चंदर म्हणाला.

दोघं हसत सुटले. गोजर भाकरी थापायची थांबून ते ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला पत्ता नव्हता.

दसऱ्याला तिनं कोयता पूजला, नांगर पूजला, मोटारसायकल पूजली. मग घरात येऊन खोक्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. “लय उपकार हायेत तुझे,” ती हळूच म्हणाली.

रोज पुसताना बटण दाबून दिवा लागतो का ते बघायची तिला सवय होती. एका गुरुवारी दिवा लागला नाही. पंखाही गप्प. मागची वायर उंदरानं कुरतडली होती.

प्रज्वलला कळलं तर म्हणेल, दुरुस्त झालं की कळव, मग येतो. असले ‘मग’ कसे लांबत जातात ते तिनं भोगलं होतं. चंदरलाही काही न बोलता तिनं खोकं कापडी पिशवीत घातलं, खांद्याला अडकवलं आणि शहापूरची एसटी धरली.

“परवा यायचाय तो,” ती सोनालीला म्हणाली. “त्याच्या आत करून दे गो बाय. त्याला कळायला नको.”

सोनालीनं वायर बदलली. दिवा लागला, पंखा फिरला.

“झालं, काकी.”

“आतलं कार्ड बघ ना. त्याला काय झालं नसंल ना?”

“त्याला काय नाय झालं.”

“न उघडता कशी सांगतेस? उघड.”

सोनालीनं स्क्रू-ड्रायव्हर नुसताच हातात फिरवला. मग स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत पंखा होता, दिवा होता. बाकी खोकं रिकामं होतं.

गोजरनं वाकून आत पाहिलं. “कार्ड कुठं गेलं?”

“माझ्या कपाटात हाय. प्रज्वलनं पहिल्याच दिवशी ठेवायला दिलं. त्याच्या लॅपटॉपला हे चालतच नाय, काकी. वायर आत शिरते, पण पुढं काय जात नाय. नवा लॅपटॉप घेईन तवा नेईन म्हणाला.”

“मंग एवढे दिवस खेळतो ते?”

“साधा गेम हाय. नुसत्या लॅपटॉपवर चालतो.” सोनालीनं झाकण परत बसवलं. “मी तेव्हाच बोलली त्याला, खोकंपण ठेव हितं आणि काकीला खरं सांगून टाक. तर म्हणाला, नको, दिवा आणि पंखा तेवढा चालू राहील असं करून दे. आईनं एवढ्या हौसेनं दावं आणलंय, मी बांधून घेतो.”