पावसाची धून

तिसऱ्या मजल्यावर पावसाची धून वाजली, तशी लिएनने कागदी पिशवीवर प्लास्टिकचं आवरण चढवलं. एवढ्या अवाढव्य व्यापारी संकुलात खिडकी औषधालाही नव्हती. बाहेर पाऊस लागला की ही धून लावायची, मग दुकानदारांनी गिऱ्हाइकांच्या पिशव्या झाकायच्या, असा इथला शिरस्ता.

"बाहेर फार आहे का हो, आजी?"

म्हातारी नुसती हसली. तिच्या अंगाला लवंगांचा वास येत होता. जाता जाता तिने काजूची पाकिटं एका ओळीत लावली, जुन्या तारखेची पुढे. लिएनला गंमत वाटली. गाळा चाचणीसाठी मिळाल्यापासूनच्या तीन दिवसांत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक असंच काहीतरी नीट करून गेलं होतं.

मग म्हातारीची नजर खांबावरच्या फोटोवर थांबली. "लेक का?"

"हो. नऊ वर्षांची आहे. व्हिएतनामला माझ्या आईकडे असते. हा गाळा कायमचा मिळू दे, उचलून घेऊन येते की नाही बघा!"

"माझी सात वर्षांची होती," म्हातारी म्हणाली आणि पिशवी घेऊन निघून गेली.

लिएनला वाटलं, बिचारीची लेक गेली असणार.

संध्याकाळी कुझेसान आले. परदेशी व्यापाऱ्यांचा विभाग तेच बघत. "अभिनंदन! चाचणी पार पडली. इथे सहीऐवजी तुमच्या नावाचा शिक्का मारा."

"इतक्यात? मला वाटलं, घाम फोडाल."

"छे हो, तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीच असतात."

"एक विचारू? एवढा पाऊस, पण ओली छत्री एकाच्याही हातात दिसली नाही."

"आमची गिऱ्हाइकं फार नेटकी," कुझेसान म्हणाले.

सहा वर्षं तिने जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात उभ्याने भात भरला होता. आनंदाने तिचे डोळे भरून आले. कागद चार पानी होता. तो न वाचताच तिने लाल शिक्का उमटवला.

सकाळी तिच्या गाळ्यात एक पिकल्या मिशांचा उझबेक माणूस जर्दाळूच्या बरण्या मांडत होता.

"कुझेसान, माझी जागा!"

कुझेसान कमरेत वाकले, दार उघडताना गिऱ्हाइकांपुढे वाकत तसे. त्यांनी तिच्या हातात रिकामी टोपली दिली. "नव्या माणसाला गिऱ्हाईक नको का? तुमच्या वेळी होतंच की."

लिएन पळत सुटली. सरकत्या जिन्याने खाली उतरली, तर पुन्हा तिसराच मजला. पुन्हा उतरली. पुन्हा तिसराच. किती वेळा उतरली, याचा तिलाही पत्ता राहिला नाही.

शेवटी ती त्याच गाळ्यापुढे थांबली आणि तिने जर्दाळूची एक बरणी टोपलीत टाकली. पावसाची धून सुरू झाली. उझबेक माणसाने तिच्या पिशवीवर आवरण चढवलं. "बाहेर फार आहे का हो, ताई?"

लिएन नुसती हसली. तिचे हात आपोआप त्याच्या बरण्या ओळीत लावू लागले. खांबावर आता दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो होता.

"लेक का?"

"हो. सहा वर्षांची आहे."

"माझी नऊ वर्षांची होती," लिएन म्हणाली.