बी-बाराची दहा इंजेक्शनं

रिपोर्टवरचा आकडा डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. इंजेक्शनं सुरू करण्याआधी आजींच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व होतं नव्वद. दहा इंजेक्शनांनंतर ते होतं अठ्ठ्याऐंशी.

असं होत नाही. आजींचं पोट हे जीवनसत्त्व शोषूनच घेत नव्हतं, म्हणून तर गोळ्यांऐवजी सुई लावली होती. सुईने दिलेलं औषध रक्तात जाणार नाही तर जाईल कुठे?

आजी एकेकाळच्या गणिताच्या शिक्षिका. आता तळपाय बधिर झालेले, चालताना तोल जायचा आणि काल घडलेलं आज आठवायचं नाही. चालताना पडतात म्हणून सून त्यांना घेऊन आली होती. विसरण्याबद्दल बाकीच्या डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवून हात झटकले होते. डॉक्टरीणबाईंनी मात्र रक्त तपासलं आणि छातीठोकपणे सांगितलं की, हा विसरभोळेपणा औषधाने बरा होणारा आहे. ते ऐकून सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना बरं वाटलं. सासूसाठी रडणाऱ्या सुना त्यांनी फारशा पाहिल्या नव्हत्या.

सून स्वतः नर्स, त्यामुळे इंजेक्शनं घरीच देते म्हणाली. नवरा कामासाठी फिरतीवर असतो, असंही तिने सांगितलं. आजी दर भेटीत विचारायच्या, तो कधी येतोय? सून न कंटाळता सांगायची, रविवारी. की आजींची कळी खुलायची. येताना तो मऊ चपला आणणार आहे, हे त्या कंपाउंडरलाही ऐकवून यायच्या.

बाईंनी आधी औषधावर संशय घेतला. पण त्याच खोक्यातली इंजेक्शनं घेऊन दुसरे दोन पेशंट टुणटुणीत झाले होते. मग त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्यांना सुनेचा मनस्वी राग आला. घरात बिनतक्रार, काही न आठवणारी म्हातारी असणं कुणाच्या सोयीचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"उद्यापासून आजींना इथे आणायचं. सुई मी टोचणार," त्यांनी सुनेला सांगितलं.

सून पर्सचा बंद पिळत बसली. थोडं थांबू या, एवढंच पुटपुटली.

"थांबलं तर पाय कायमचे जातील. त्यांचं डोकं ठिकाणावर यायला नकोय का तुम्हाला?"

यावर ती पर्स उचलून उठली. बाईंना हवं ते उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून आजी येऊ लागल्या. लालभडक औषध बाई स्वतःच्या हाताने सिरिंजमध्ये ओढायच्या आणि सुनेच्या डोळ्यांदेखत टोचायच्या. आठवड्याभरात आजींना वार कळू लागला. पुढच्या आठवड्यात त्यांनी कंपाउंडरची बेरीज चुकलेली पकडली आणि त्याची चांगली हजेरी घेतली. चौथ्या आठवड्यात त्या काठीशिवाय चालत आत आल्या. सून मात्र दिवसागणिक वाळत चालली होती. चोराच्या मनात चांदणं, बाईंनी मनाशी म्हटलं.

त्यांनी आजींना शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आजी दोनपर्यंत धडाधड उतरल्या आणि वर म्हणाल्या, काहीतरी अवघड विचारा.

बाई खुशीत होत्या. "बरं, मुलगा कधी येणार?"

"रविवारी," आजी म्हणाल्या, आणि थबकल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. मागच्या रविवारी तो येणार होता. त्याच्या आधीच्याही. त्यांनी हळूच सुनेकडे मान वळवली.

"कुठंय गं तो?"

सून त्यांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. त्यांचे दोन्ही हात तिने घट्ट धरले.

"ते नाहीत आता, आई. आठ महिने झाले त्यांना जाऊन. हे मी तुम्हाला सहाव्यांदा सांगतेय. पाचही वेळा तुम्ही ऊर बडवून रडलात आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलंत, तो कधी येतोय? म्हणून ते औषध मी बेसिनमध्ये ओतून टाकत होते. आजचं मात्र तुम्ही विसरणार नाही."