स्टिअरिंगवरचं बोट

बाप इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता आणि ऊना त्याचीच लाल व्हॅन घेऊन सकाळपासून आयर्लंडमधल्या डोनेगलच्या समुद्राकाठच्या रस्त्यांवर एकटीच भटकत होती. इस्पितळाचा फाटा तिनं दोनदा मुद्दाम सोडला. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ती इथल्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देत होती. तंद्रीत ते एका ट्रॅक्टरलाही उचललं गेलं आणि ट्रॅक्टर जागीच थांबला. बापाचा शेजारी म्हातारा कोलमन धावत खिडकीशी आला. “कुंपणावरून आमचं वाजलं, तेव्हापासून नऊ वर्षं या व्हॅनमधून मला बोट उचललं गेलं नाही, पोरी!” टोपी चुरगाळत त्यानं विचारलं, “त्या हेकटानंच सांगितलं ना तुला बोट उचलायला?” बापानं घरात कोलमनचं नावही काढू दिलं नव्हतं. ऊनानं शेजारच्या सीटवरची बापाच्या कपड्यांची पिशवी मागं टाकली. “हो, काका. बसा. बाबा तुमचीच वाट बघतायत.”